परवानगी कशाची मिळाली?

१ डिसेंबर १९७४ च्या सकाळी वॉशिंग्टनवर ढग खूप खाली उतरले होते, पाऊस होता आणि वारा आडवा सुटला होता. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ५१४ क्रमांकाचं बोइंग ७२७ विमान इंडियानापोलिसहून कोलंबसमार्गे राजधानीकडे निघालं होतं. शहरालगतच्या नॅशनल विमानतळावर आडव्या वाऱ्यामुळे विमानं उतरत नव्हती, म्हणून त्याला डलस विमानतळाकडे वळवण्यात आलं. ११ वाजून ४ मिनिटांनी डलसच्या नियंत्रकाने रेडिओवर सांगितलं की, १२ क्रमांकाच्या धावपट्टीवरच्या व्हीओआर-डीएमई अप्रोचसाठी, म्हणजे उतरत येण्याच्या ठरलेल्या वाटेसाठी, तुम्ही ‘क्लिअर्ड’ आहात. त्या क्षणी विमान ७,००० फुटांवर होतं आणि विमानतळ अजून ४४ सागरी मैल लांब होता.

कॉकपिटमध्ये तिघे होते. विमान सहवैमानिक चालवत होता आणि कॅप्टन अप्रोचचा नकाशा वाचत होता. या नकाशाचे दोन भाग असतात. वरून पाहिल्यासारखा एक आराखडा आणि त्याखाली विमानाने कसं उतरत जायचं याचा उभा छेद. वरच्या आराखड्यात राउंड हिल या बिंदूपर्यंत किमान उंची ३,४०० फूट लिहिली होती. खालचा छेद मात्र राउंड हिलपासूनच सुरू होत होता आणि तिथे उंची होती १,८०० फूट. कॅप्टनला ३,४०० चा आकडा दिसला. त्याने तो मोठ्याने वाचूनही दाखवला. फ्लाइट इंजिनिअरने कुठे आहे म्हणून विचारलं, सहवैमानिकाने ‘पण...’ म्हणून काही बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात कॅप्टनने अर्थ लावून टाकला: त्याने आपल्याला क्लिअर केलंय, म्हणजे आपण अप्रोचच्या सुरुवातीच्या उंचीपर्यंत खाली जाऊ शकतो. विमान १,८०० फुटांकडे उतरत राहिलं. परवानगीनंतर जेमतेम पाच मिनिटांनी, विमानतळापासून सुमारे २५ सागरी मैलांवर, माउंट वेदर या डोंगराच्या कड्यावर ते सुमारे १,६७० फूट उंचीवर आदळलं. विमानात ९२ माणसं होती. एकही वाचलं नाही.

विमान धडधाकट होतं. नकाशात योग्य आकडा छापलेला होता आणि तो वाचला गेला होता. नियंत्रकाने दिलेली परवानगी खरी होती. तिघांपैकी निदान दोघांच्या मनात शंका डोकावून गेली होती आणि ती दूर करायला रेडिओचं बटण दाबून एक प्रश्न विचारणं पुरेसं होतं. तो प्रश्न का विचारला गेला नाही, हे समजून घेतलं की वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातल्या संवादाचं जवळजवळ सगळं शास्त्र समजतं, असं मला वाटतं.

चौकशीत दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ मांडला आणि दोन्ही अर्थ प्रामाणिक होते. नियंत्रकांच्या मते हे विमान स्वतःच्या उपकरणांनी मार्ग काढत येत होतं. आम्ही त्याला रडारवरून दिशा देत आणत नव्हतो, तेव्हा अमुक उंचीखाली जाऊ नका असं सांगणं आमच्याकडे येत नव्हतं. वैमानिकांच्या जगात समज वेगळी होती. रडारची सोय सर्वत्र झाल्यापासून त्यांना सवय लागली होती की, पडद्यावर आपल्याला पाहणारा माणूस डोंगराचीही काळजी घेतो. मधे डोंगर असता तर त्याने आपल्याला क्लिअर केलंच नसतं, असं ते धरून चालत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे, म्हणजे एनटीएसबीचे पाच सदस्य या प्रश्नावर तीन विरुद्ध दोन असे फुटले. तिघांनी अपघाताचं मूळ कारण म्हणून वैमानिकांच्या खाली उतरण्याच्या निर्णयावर बोट ठेवलं. दोघांनी मतभेद नोंदवताना नियंत्रकाने उंचीची मर्यादा सांगितली नाही ही चूक आधी मांडली आणि वैमानिकांनी खुलासा मागितला नाही ही त्यानंतर. अपघाताला हातभार लावणाऱ्या गोष्टींमध्ये मंडळाने आणखी एक नोंद केली, ती मला सर्वांत गंभीर वाटते. या शब्दांच्या अर्थाबद्दल गोंधळ आहे हे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाला, एफएएला, कित्येक वर्षं ठाऊक होतं आणि तो मिटवण्यासाठी वेळेवर काही केलं गेलं नव्हतं.

क्लिअरन्स, म्हणजे नियंत्रकाची परवानगी, या गोष्टीबद्दल प्रवाशांची, आणि कधी कधी वैमानिकांचीही, समजूत नेमकी इथेच घसरते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, आयकाओच्या, नियमांनुसार क्लिअरन्स देण्याचा हेतू मर्यादित आहे. विमानांची वाहतूक सुरळीत चालावी आणि एक विमान दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये, यासाठी ती दिली जाते. नियंत्रकाला त्या घडीला माहीत असलेल्या वाहतुकीवर ती बेतलेली असते. ती मिळाली म्हणून एरवी लागू असलेला कुठलाही नियम मोडायची मुभा मिळत नाही. नियंत्रक रडारवरून दिशा देत विमान नेत असेल तेव्हा जमिनीपासूनचं अंतर राखण्याचा भार त्याच्यावर येतो. एरवी तो वैमानिकाचाच. चौकातला पोलीस हात हलवून ‘जा’ म्हणतो, तेव्हा समोरून गाडी येत नाही एवढंच तो सांगत असतो. पुढच्या खड्ड्याची हमी त्याने घेतलेली नसते.

म्हणून चांगला वैमानिक क्लिअरन्स ऐकताना दोन गोष्टी एकाच वेळी तपासतो. हिच्यात काय दिलंय आणि काय दिलेलं नाही. पहिली गोष्ट ऐकू येते, दुसरी ऐकू येत नाही. ती माहिती असावी लागते, आणि ताशी शेकडो किलोमीटर वेगाने जात असताना, ढगात, पावसात, कानात दहा जणांचे आवाज येत असताना ती आठवावी लागते.

माउंट वेदरच्या अपघातानंतर अमेरिकेत नियम बदलला. नकाशावर न छापलेल्या वाटेवर असताना अप्रोचची परवानगी मिळाली, तर छापील वाटेवर येईपर्यंत वैमानिकाने शेवटी नेमून दिलेली उंची सोडायची नाही, आणि नियंत्रकानेही अशा परवानगीसोबत उंची सांगायलाच हवी. डोंगर जवळ आला की ओरडून सांगणारं उपकरण मोठ्या प्रवासी विमानांत बसवण्याचा आदेश तर त्याच डिसेंबरमध्ये निघाला.

नियम स्पष्ट झाला की अर्थ लावायचं काम संपतं, असं मात्र होत नाही. ते दुसरीकडे सरकतं. क्लिअरन्स मिळाल्यावर वैमानिक ती परत उच्चारून दाखवतो. याला रीडबॅक म्हणतात. मार्ग, उंची, दिशा, वेग, धावपट्टीचा क्रमांक, दाबमापकाचा आकडा, धावपट्टीवर जाण्याची किंवा ती ओलांडण्याची परवानगी, हे सगळं परत म्हणून दाखवावंच लागतं. नियंत्रकाने ते ऐकायचं आणि चूक असेल तर लगेच सुधारायचं. कागदावर ही साखळी भक्कम दिसते. प्रत्यक्षात ती एकाच रेडिओलहरीवर चालते, आणि दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की दोन्ही आवाज एकमेकांत बुडतात.

१९९४ मध्ये लॉस एंजेलिसहून निघालेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या एका विमानाला १७,००० फुटांपर्यंत चढायची परवानगी होती. थोड्या वेळाने नियंत्रकाने त्याच लहरीवरच्या अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानाला २३,००० फुटांवर जायला सांगितलं. नॉर्थवेस्टच्या कॅप्टनला वाटलं की ते आपल्यासाठीच आहे. त्याने शिस्तीने ते परत म्हणून दाखवलं. त्याच क्षणी अमेरिकनचा वैमानिकही तेच परत म्हणत होता, त्यामुळे नॉर्थवेस्टचा आवाज नियंत्रकाच्या कानी पोचलाच नाही. नियंत्रक गप्प राहिला. कॅप्टनने त्या शांततेचा अर्थ होकार असा घेतला आणि विमान वर न्यायला लागला. टक्कर झाली नाही, पण दोन विमानांमधलं ठरावीक अंतर मोडलं.

एफएएने त्याच्यावर नियमभंगाची कारवाई केली. एनटीएसबीने अपिलात त्याला सोडलं. ऐकण्यात चूक झाली हे खरं, पण त्याने ती पारदर्शकपणे परत म्हणून दाखवली होती आणि दुरुस्ती न मिळण्यात त्याचा दोष नव्हता, असं मंडळाचं म्हणणं. एफएए कोर्टात गेली. १९९९ मध्ये तिने स्वतःच्या नियमाचा अर्थ सांगणारं एक पत्रकही काढलं: रीडबॅक पूर्ण केल्याने नीट ऐकण्याची जबाबदारी संपत नाही. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने एफएएचा अर्थ ग्राह्य धरला.

या निकालावर मी बराच विचार केला आहे. कायद्याच्या चौकटीत तो टिकतो, पण त्यातून वैमानिकाला मिळणारा संदेश मला अर्धवट वाटतो. त्या कॅप्टनने जे केलं ते त्याला शिकवलेलंच होतं. फक्त समोरची शांतता दोन कारणांनी असू शकते, बरोबर ऐकलं म्हणून किंवा ऐकूच आलं नाही म्हणून, हा भेद कुणी त्याच्या हाताशी दिला नव्हता. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेत ‘वैमानिकांच्या हक्कांचा’ कायदा झाला आणि एफएए लावेल तोच अर्थ मानण्याचं एनटीएसबीवरचं बंधन उठलं. तो कायदा रेटणारे सिनेटर जेम्स इनहॉफ स्वतः वैमानिक होते. २०१० मध्ये टेक्सासमध्ये ते कामगार काम करत असलेल्या बंद धावपट्टीवर विमान उतरवून बसले होते.

शांततेचा आणि अर्धवट शब्दांचा सर्वांत भयंकर हिशोब २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवर, टेनेरिफमध्ये झाला. धुकं होतं. केएलएमचं जम्बो धावपट्टीच्या टोकाला उभं होतं, पॅन अॅमचं जम्बो त्याच धावपट्टीवरून समोरून येत होतं. केएलएमला नियंत्रकाने उड्डाणानंतरच्या मार्गाची क्लिअरन्स वाचून दाखवली. ती मार्गाची होती, उड्डाणाची नव्हती. सहवैमानिकाने ती परत म्हटली आणि शेवटी ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाचं काहीतरी जोडलं. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला, थोडं थांबून ‘टेक-ऑफसाठी थांबा, मी बोलवतो’ म्हणाला. त्याच सेकंदांत पॅन अॅमने आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत असं सांगितलं. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये शिटीसारखा आवाज ऐकू आला. केएलएम तसंच धावत जाऊन पॅन अॅमवर आदळलं. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द रेडिओवर फक्त दोन वेळा उच्चारायचा असा दंडक आहे: उड्डाणाची परवानगी देताना आणि ती रद्द करताना. बाकी सगळीकडे ‘डिपार्चर’ म्हणायचं.

आपल्या आकाशातली गोष्ट याहून कमी ओळखीची आहे, ती वास्तविक अधिक बारकाईने सांगितली जायला हवी होती. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून सौदी अरेबियाकडे सौदी एअरलाइन्सचं बोइंग ७४७ निघालं. त्यात बहुतेक आखातात कामाला जाणारी माणसं होती. समोरून कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६ दिल्लीकडे येत होतं. त्या काळी दिल्लीच्या नागरी विमानांना येण्या-जाण्यासाठी एकच वाट होती, कारण बाकी आकाश हवाई दलाच्या ताब्यात होतं. सौदीला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलेलं, कझाक विमानाला १५,००० वर. मधे हजार फुटांचं अंतर, नियमाप्रमाणे पुरेसं.

दिल्लीच्या नियंत्रकाने कझाक विमानाला सावध करण्यासाठी सांगितलं की समोरून सौदीचं ७४७ येतंय, दहा मैलांवर आहे, दिसलं की कळवा. मग आणखी एकदा सांगितलं, आठ मैलांवर, १४० लेव्हलला, म्हणजे १४,००० फुटांवर आहे. नियंत्रकाने ही माहिती दिली होती. आज्ञा आधीच दिलेली होती, १५० लेव्हल धरून राहा. पण त्या कॉकपिटमध्ये नियंत्रकाशी बोलण्याचं काम वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होतं, त्याच्यासमोर स्वतःचं उंचीमापक नव्हतं, आणि इंग्रजी कुणालाच नीट अवगत नव्हती. १४० हा आकडा हवेत उच्चारला गेला तेव्हा विमान १५,००० च्या खाली गेलेलंच होतं. कॉकपिटमध्ये कुणीतरी १५० वर परत चढायला सांगितलं, पण तोवर वेळ संपत आली होती. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर ३४९ माणसांचे अवशेष पडले. हवेतल्या टक्करींत जगात याहून अधिक माणसं कधीच मेलेली नाहीत.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी आयोगाने दोष कझाक वैमानिकांवर ठेवला: नेमून दिलेली उंची त्यांनी राखली नाही. ते बरोबरच आहे. तरी चौकशीतून पुढे आलेल्या बाकीच्या गोष्टी मला तितक्याच महत्त्वाच्या वाटतात. तेव्हा दिल्लीच्या रडारला विमानाची उंची दिसत नव्हती. नियंत्रकाला विमानाचा ठिपका दिसायचा, उंची मात्र वैमानिक सांगेल तीच खरी. म्हणजे कझाक विमानाने ‘१५० वर पोचलो’ असं सांगितल्यावर त्या ठिपक्याखाली खरं काय घडतंय हे पाहायला नियंत्रकाला साधनच नव्हतं. यानंतर येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी झाली, उंची दाखवणारं रडार आलं, आणि विमानांनी एकमेकांना टाळण्यासाठी सूचना देणारं टीकॅस यंत्र भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीचं झालं. इंग्रजीची ठरावीक पातळी आयकाओने २००८ पासून लागू केली, पण पुष्कळ देशांना त्यानंतरही सवलतीची मुदत द्यावी लागली.

यंत्र आलं आणि त्यासोबत अर्थ लावण्याचा एक नवाच पेच आला. नियंत्रक एक सांगतोय आणि टीकॅस नेमकं उलट, तेव्हा कुणाचं ऐकायचं? जानेवारी २००१ मध्ये जपानवर जपान एअरलाइन्सची दोन विमानं याच पेचात सापडली आणि थोडक्यात वाचली. त्यातून धडा घेईपर्यंत १ जुलै २००२ उजाडला. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, जर्मनीतल्या उबरलिंगेनवर रशियातल्या बशकीर एअरलाइन्सचं टुपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग एकमेकांच्या वाटेत आले. झुरिकमध्ये रात्री एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता. त्याने टुपोलेव्हला खाली जायला सांगितलं. टुपोलेव्हचं टीकॅस ‘वर चढा’ म्हणत होतं. वैमानिकांनी नियंत्रकाचं ऐकलं. डीएचएलचं टीकॅस ‘खाली जा’ म्हणत होतं आणि त्यांनी यंत्राचं ऐकलं. दोघेही खाली गेले. ७१ जण मेले, त्यांत बहुतांश सहलीला निघालेली मुलं होती. त्या वेळी वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळं लिहिलेलं होतं. आज नियम निःसंदिग्ध आहे. टीकॅसचा आदेश आला की नियंत्रकाची क्लिअरन्स बाजूला पडते आणि वैमानिकाने तसं नियंत्रकाला सांगायचं. यंत्राला दोन्ही विमानं एकमेकांच्या संदर्भात दिसत असतात, नियंत्रकाला तेवढं सेकंदागणिक दिसत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

मुंबईकरांना अर्थ लावण्याच्या आणखी एका प्रकाराची जुनी ओळख आहे. जुहूची छोटी धावपट्टी आणि सांताक्रूझची मोठी धावपट्टी जवळजवळ एकाच दिशेत, एकमेकींपासून काही किलोमीटरवर आहेत. १९५३ मध्ये ब्रिटिश ओव्हरसीज कंपनीचं कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तेच केलं, धावपट्टी संपली तरी ते थांबलं नाही आणि पुन्हा कधी उडण्याच्या लायकीचं राहिलं नाही. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. दोन्ही वेळा धावपट्टी ‘दिसली’ होती. नियंत्रकाने ज्या धावपट्टीवर उतरण्याची परवानगी दिली, तीच वैमानिकाला दिसते आहे का, हे तपासायला तेव्हा फारसं काही नव्हतं.

‘दिसलं’ म्हटलं की जबाबदारी हलते. वैमानिकाने समोरचं विमान दिसतंय, मी त्याला टाळीन असं सांगितलं, तर अमेरिकेत नियंत्रक त्याला दृष्टीवर विसंबून अंतर राखण्याची मुभा देतो आणि अंतर राखण्याचा भार वैमानिकाकडे जातो. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळाजवळ, पोटोमॅक नदीवर, अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरने विमान दिसत असल्याचं सांगून अशीच मुभा मागितली आणि ती त्याला मिळाली. काही क्षणांनी ते उतरणाऱ्या प्रवासी विमानावर आदळलं. ६७ जण गेले. तपासात निघालं की, विमानाच्या ‘मागून जा’ असं नियंत्रकाने सांगितलं तेव्हा हेलिकॉप्टरमधून कुणीतरी बटण दाबून बोलत होतं, त्यामुळे ते शब्द त्यांना बहुधा ऐकूच आले नाहीत. रात्रीच्या आकाशात दिव्यांची गर्दी होती. त्यांना दिसलेलं विमान नेमकं कोणतं, या प्रश्नापाशी माझं मन पुन्हा पुन्हा अडकतं.

आपल्या मुंबईत ८ जून २०२४ रोजी २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर एअर इंडियाचं तिरुवनंतपुरमला जाणारं विमान उड्डाणासाठी धावत होतं आणि त्याच धावपट्टीवर इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान उतरलं. पुढचं वर उचललं जाताना मागचं टेकलेलं होतं. दोघांकडेही नियंत्रकाची परवानगी होती, आणि आम्ही परवानगीनुसारच वागलो असं दोन्ही कंपन्यांनी जाहीर केलं. मुंबईची मुख्य आणि दुसरी धावपट्टी एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तिच्यावर तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं ये-जा करतात. नियंत्रकांवरचा ताण यातून कळतो. तरी उतरण्याची परवानगी म्हणजे उतरण्याची सक्ती नव्हे. पुढचं विमान अजून धावपट्टीवर असेल तर वैमानिक कुणालाही न विचारता पुन्हा वर चढू शकतो, आणि त्यासाठी त्याला कुणी जाब विचारू नये, हीच खरी प्रथा आहे. ‘अनेबल’, म्हणजे हे मला जमणार नाही, हा रेडिओवरचा सर्वांत आदरणीय शब्द आहे असं मी मानतो. जानेवारी २००९ मध्ये हडसन नदीवर विमान उतरवण्याआधी कॅप्टन सलेनबर्गर यांनी परत फिरून उतरण्याच्या प्रस्तावाला हाच शब्द वापरला. १५५ माणसं जिवंत बाहेर आली.

आता माउंट वेदरच्या अहवालातली एक गोष्ट, जी वाचून मला पहिल्यांदा राग आला होता. अपघाताच्या सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सच्या एका विमानाने त्याच अप्रोचवर, त्याच परवानगीचा तोच अर्थ लावून त्याच डोंगराला जवळजवळ घासून मार्ग काढला होता. युनायटेडमध्ये वैमानिकांना नाव न सांगता असे प्रसंग कळवता येत. तो प्रसंग कळवला गेला आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. दुसऱ्या कंपन्यांपर्यंत मात्र तो पोचला नाही. ट्रान्स वर्ल्डच्या कॅप्टनकडे ते एक पान असतं तर त्याने विचारलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

यातूनच १९७६ मध्ये नासाने चालवलेली नोंदव्यवस्था उभी राहिली. खर्च एफएएचा, कारभार नासाचा. परवाने काढून घेणाऱ्या संस्थेकडे चूक कबूल करायला वैमानिक कचरणार, म्हणून ती त्रयस्थ हातात दिली गेली. कुणीही वैमानिक, नियंत्रक, मेकॅनिक आपली चूक दहा दिवसांच्या आत लिहून पाठवू शकतो. मुद्दाम केलेली नसेल आणि अपघात किंवा गुन्हा नसेल, तर त्या चुकीबद्दल शिक्षा माफ होऊ शकते. पाठवणाऱ्याचं नाव कागदावरून काढून टाकलं जातं. आजवर तिथे दहा लाखांहून अधिक नोंदी जमा झाल्या आहेत. त्यांतल्या निवडक नोंदी छापून वाटल्या जातात, आणि त्या वाचल्या की कळतं की ‘क्लिअर्ड’ या एका शब्दाचे अर्थ किती वेगवेगळ्या डोक्यांत किती वेगवेगळे असू शकतात. त्यांत नवशिके आहेत आणि हजारो तासांचा अनुभव असलेलेही.

भारतातही ऐच्छिक नोंदीची तरतूद आहे. पण महाराष्ट्रातल्या शिरपूर, गोंदिया, बारामतीच्या प्रशिक्षण केंद्रांमधून निघालेल्या तरुण वैमानिकाच्या मनात पहिलं स्थान असतं ते परवान्याच्या भीतीचं. तो पुण्याच्या लोहगावला उतरतो तेव्हा नियंत्रक हवाई दलाचा असतो, दाबोळीत नौदलाचा, मुंबईत विमानतळ प्राधिकरणाचा. बोलण्याची पद्धत एकच, पण गणवेशधारी अधिकाऱ्याला ‘पुन्हा सांगा’ म्हणायला बावीस वर्षांचा मुलगा दहा वेळा विचार करतो. तो संकोच मोडणं हे प्रशिक्षणाचं काम आहे आणि ते काम आज कुणाकडेच नेमून दिलेलं नाही.

संधी समोर आहे. रेडिओवर बोलण्याचा परवाना, ज्याला सगळे ‘आरटीआर’ म्हणून ओळखतात, त्याची परीक्षा वर्षानुवर्षं दूरसंचार विभाग घेत आला. परीक्षक नियंत्रक होतो, उमेदवार वैमानिक होतो, आणि एक काल्पनिक उड्डाण शब्दांत पार पाडायचं. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ही परीक्षा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, डीजीसीएकडे, सोपवली. डीजीसीएने ती नव्याने रचताना माझी एकच मागणी आहे. त्या काल्पनिक उड्डाणात एक क्लिअरन्स मुद्दाम अपुरी द्यावी. उंची वगळून अप्रोचला परवानगी द्यावी, किंवा सारखं वाटणारं नाव वापरून दुसऱ्या विमानाला दिलेली सूचना उमेदवाराला ऐकवावी. जो उमेदवार अस्खलितपणे ती परत म्हणून पुढे जाईल त्याचे गुण कापावेत. जो बटण दाबून, न घाबरता, ‘ही माझ्यासाठी आहे का, आणि उंची किती धरू?’ असं विचारेल, त्याला पूर्ण गुण द्यावेत.